साडेपाचची गाडी: घरच्या घरी रेल्वे थीमचा वाढदिवस

थीम ठरली की बहुतेक घरांत पहिला खर्च केकमागच्या भिंतीवर होतो. फुग्यांची कमान, नावाची चंदेरी अक्षरं, झालर. ती भिंत फोटोत छान येते, पण मुलं तिच्याकडे एकदा बघतात आणि विसरतात. उरलेल्या दोन तासांत काय करायचं हे मात्र ठरलेलं नसतं. घरचे वाढदिवस फसतात ते इथेच: बारा मुलं, मधली रिकामी वीस मिनिटं आणि बेडरूमचं उघडं दार. म्हणून थीम निवडताना एवढंच तपासा, की तिच्यातून कार्यक्रमाचा क्रम आपोआप निघतो का.

रेल्वेतून तो निघतो. तिकीट दाखवायचं, फलाटावर थांबायचं, गाडीला लागायचं, एकेक स्टेशन घ्यायचं, वाटेत खायचं, उतरायचं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला यातलं काही समजावावं लागत नाही. कार्टूनमधल्या पात्राची थीम घेतली तर प्लेटपासून मेणबत्तीपर्यंत सगळं छापील विकत आणावं लागतं, आणि खेळ शोधायचे ते शोधावेच लागतात. रेल्वेचं काम पुठ्ठा, दोरी, चादर आणि पिवळ्या कार्डशीटवर भागतं.

खालचा सगळा हिशेब ५ ते ७ वर्षांची १२ मुलं, १० मोठी माणसं आणि साधारण १० बाय १५ फुटांचा हॉल धरून केला आहे.

किती मुलं, किती वाजता

सोफा-टीपॉय भिंतीला लावल्यावर एवढ्या हॉलमध्ये १२ मुलं नीट खेळतात. पंधरा झाली की गाडीला वळायला जागा उरत नाही आणि मागची मुलं सोफ्यावर चढतात. सोसायटीतल्या सगळ्यांना बोलवावंच लागणार असेल तर क्लबहाउस घ्या, किंवा खेळांपुरते दोन गट करा. दर चार मुलांमागे एक मोठं माणूस हवं आणि त्याला दुसरं काम नको. केक कापणारे, फोटो काढणारे आणि वडे गरम करणारे हात या मोजणीत धरायचे नाहीत.

संध्याकाळी ५ ते ७ ही वेळ बरी. दुपारची झोप झालेली असते आणि रात्रीचं जेवण व्हायचं असतं, त्यामुळे नाश्त्यावर निभावतं. दोन तासांपेक्षा जास्त ताणू नका. शेवटच्या अर्ध्या तासातली रडारड थकव्याची असते, तिला खेळाचा उपाय नाही. वाढदिवस मधल्या वारी येत असेल तर त्या दिवशी घरातल्या घरात औक्षण आणि पार्टी रविवारी. दोन्ही एकाच दिवशी असतील तर औक्षण साडेचारच्या आत उरका. पेटतं निरांजन आणि बारा मुलं एका खोलीत आली की औक्षण बाजूला राहतं आणि आजीचा जीव टांगणीला लागतो.

आमंत्रण म्हणजेच तिकीट

जुनी पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं जेमतेम ५७ बाय ३० मिलिमीटरची असत. तेवढ्यात मजकूर मावणार नाही, म्हणून १४ बाय ७ सेंटीमीटरचं तिकीट करा. ए-फोर आकाराच्या जाड कागदावर अशी सहा बसतात. तीन पानं छापली की बारा मुलांची आणि सहा जादा. ही सहा लागतातच, कारण तीन-चार मुलं तिकीट घरी विसरून येतात आणि दारात तोंड पाडून उभी राहतात.

तिकिटावर ‘कुठून–कुठे’ (त्यांची सोसायटी ते तुमचं घर), डबा क्रमांक, आसन क्रमांक आणि तीन वेळा लिहा: फलाट उघडण्याची वेळ ५:००, गाडी सुटण्याची ५:३०, परत पोचण्याची ७:००. पाचचं आमंत्रण दिलं की आपल्याकडे निम्मी मंडळी सव्वापाचनंतर उगवतात. सुटण्याची वेळ वेगळी दिली की मूलच आईबाबांच्या मागे लागतं. सात लिहिल्याशिवाय तर पालक कधी न्यायला येतील याचा नेम नसतो.

मागच्या बाजूला, किंवा व्हॉट्सॲपवर सोबत, तीन गोष्टी विचारा. मुलाला कशाची ॲलर्जी आहे का. अंडं, कांदा-लसूण, बटाटा यातलं काही वर्ज्य आहे का. आणि बरोबर कोण थांबणार, भावंड येणार का. जेवणाचा आणि भेटींचा हिशेब चुकतो तो या शेवटच्या प्रश्नापायी, म्हणून प्रत्येक वस्तू दोनने जास्त ठेवायची. आमंत्रण दहा दिवस आधी द्या आणि आदल्या संध्याकाळी एक आठवण.

घराचं स्टेशन

रूळ जमिनीवर मास्किंग टेपने काढा. १ इंच रुंदीचा २० मीटरचा एक रोल पुरतो: ६ मीटर लांबीचे दोन रूळ म्हणजे १२ मीटर, आणि अर्ध्या अर्ध्या मीटरवर ४० सेंटीमीटरचे स्लीपर (रुळांच्या मधल्या आडव्या पट्ट्या), त्यांना आणखी ५ मीटर. दोन रुळांत एक फूट अंतर ठेवा, म्हणजे मूल त्यातून चालू शकतं. मुख्य दारापासून सुरुवात करून हॉलला वळसा घालून रूळ पॅसेजमध्ये न्या. खाकी पॅकिंग टेप वापरू नका. त्याचा डिंक फरशीवर राहतो आणि चार दिवस मुंग्या-धूळ धरून बसतो.

स्टेशनच्या पाट्यांसाठी पिवळा कार्डशीट आणि जाड काळा मार्कर. खऱ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पहिल्या पाटीवर मुलाचं नाव लिहून खाली त्याची स्वतःची उंची सेंटीमीटरमध्ये लिहा. येणारं प्रत्येक मूल त्या पाटीशी उभं राहून मापून बघतं आणि पाच मिनिटं आयतीच जातात. बाकीच्या पाट्या खेळांप्रमाणे: बोरीबंदर (दार), कर्जत, खंडाळा (बोगदा), नेरळ, माथेरान. भूगोल थोडा मागेपुढे झाला तरी मुलांना चालतो. एखादे आजोबा हरकत घेतील, त्यांना टीसी करा. पाट्या भिंतीला चिकटवायला दुहेरी टेप लावला तर रंगाचे पोपडे निघतात. मास्किंग टेपच्या गुंडाळ्या करून लावा, किंवा पाट्या सरळ खुर्च्यांच्या पाठींना बांधा.

इंजिन एकच आणि मोठं हवं. वॉशिंग मशीनचा किंवा तशाच मापाचा खोका आडवा, त्यावर एक लहान खोका केबिन म्हणून उभा, पुढे गुंडाळलेल्या काळ्या चार्टपेपरचं धुरांडं आणि चाकांना कागदी प्लेटा. मुलं त्याला हमखास ढकलतात, तेव्हा तळाशी पाण्याच्या दोन-तीन भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवा. जोडकामाला स्टेपलर नको, पिना सुटून पायात जातात. इंजिन दाराच्या समोरच्या कोपऱ्यात ठेवा, केकचं टेबल त्याच्या शेजारी. फोटोची भिंत वेगळी करायची गरज राहत नाही.

फुगे ३०-३५ पुरेत. त्यातले पंधरा पांढरे आणि राखाडी एकत्र बांधून धुरांड्यावर लावले की वाफ झाली. दहा इंची फुगा आठ-नऊ इंचांपर्यंतच फुगवा; ताठ भरलेला फुगा उन्हाळ्यात गरम हवेने प्रसरण पावून एकामागोमाग एक फुटतो. हातपंप घ्या, त्याच दिवशी सकाळी फुगवा, पंख्याच्या पात्यांपासून आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब बांधा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लगेच उचलायचं काम एकाकडे द्या. लहान भावंडं तो तोंडात घालतात आणि तो घशात चिकटला तर श्वास अडकतो. दोऱ्याला तरंगणारे गॅसचे फुगे घरात आणूच नका. रस्त्यावर भरून मिळणाऱ्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो, आणि मेणबत्तीजवळ त्याचा भडका उडतो.

बोगद्यासाठी सहा प्लास्टिकच्या खुर्च्या तीन-तीनच्या दोन ओळींत, पाठी आतल्या बाजूला, मध्ये तीन फूट जागा. वर पातळ चादरी टाकून कपड्यांच्या चिमट्यांनी पक्क्या करा. जाड ब्लँकेट टाकलं तर आत दोन मिनिटांत उकडतं. एक बाजू अर्धी उघडी ठेवा. अंधाराला घाबरणारं एखादं मूल असतंच. आत उजेड बॅटरीचाच.

दाराला कडी कुठे लावायची हेही आधी ठरवा: बाल्कनी बंद, एक बेडरूम बंद, स्वयंपाकघराशी आडवं टेबल. काचेचा टीपॉय आणि फुलदाणी बंद खोलीत. मुलगा किंवा मुलगी ज्या खेळण्याला कोणाला हात लावू देत नाही तेही आत, नाहीतर सव्वापाचलाच भांडण. संडास-बाथरूम प्रत्येकाला आल्या आल्या दाखवायचं आणि तिथली फरशी अधूनमधून पुसायची. पार्टीतली पडापडी जास्त करून ओल्या फरशीवर होते.

वेळापत्रक

हे कार्डशीटवर लिहून भिंतीला लावा, मोठ्यांसाठी.

५:०० फलाट: तिकीट पंच, टोपी, चित्र
५:३० गाडी सुटते, घरभर एक फेरी
५:३५ सिग्नलचा खेळ
५:५० खंडाळ्याचा बोगदा
६:०० मालगाडी
६:१५ हरवलेली तिकिटं
६:२५ केक
६:३५ खाणं
६:५५ भेटी आणि उतरणं

पहिला अर्धा तास कोणालाही मधेच सामील होता येईल असा हवा. दारात टीसी तिकीट पंच करतो (साधा कागदाला भोक पाडायचा पंच), मग मूल टोपी करायला बसतं. काळ्या चार्टपेपरच्या ५६ सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापून ठेवा. या वयात डोक्याचा घेर ५० ते ५२ असतो, बाकीचं चिकटवायला. कपाळावर पुढे येणाऱ्या भागासाठी अर्धगोल कापलेले तुकडे. मुलांनी फक्त रंगीत कागदाचा बिल्ला चिकटवायचा. कात्री मुलांच्या हातात देऊ नका, गोंदही काडीवालाच. पूर्ण पोशाख सांगू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात जॅकेट घातलेलं मूल अर्ध्या तासात चिडतं. टोपी आणि गळ्याऐवजी मनगटाला बांधलेला लाल रुमाल, एवढं भरपूर झालं.

साडेपाचला घोषणा. ती आजीच्या किंवा काकांच्या आवाजात आधीच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे…” आणि पुढे मुलांची नावं. स्वतःचं नाव ऐकलं की पळणारी मुलंसुद्धा थांबतात.

गाडी चालवायची कशी

एकमेकांचे शर्ट धरून गाडी केली की पुढचं मूल पळतं, मधलं ओढलं जातं आणि मागचं पडतं. दोरी घ्या. जाड सुती दोरी, ८ मीटर. अर्ध्या मीटरवर एक गाठ अशा १२ गाठी, दोन्ही टोकांना एक-एक मीटर मोकळी. दर गाठीला एक मूल, एका हाताने दोरी धरून. गाठी बांधताना दोरी आखडते म्हणून मापाला अर्धा मीटर जास्त धरला आहे. दोरी कमरेला किंवा गळ्यात अडकवायची नाही, कोणत्याही कारणाने.

सर्वांत पुढे एक मोठं माणूस आणि सर्वांत मागे एक. कर्जतहून लोणावळ्याचा घाट चढताना गाड्यांना मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. मागच्या मोठ्या माणसाचं नाव तेच. बँकर सुटलेल्या मुलाला पुन्हा गाठीवर आणतो आणि पुढच्याचा वेग आवरतो. वेग चालण्याचाच.

वाढदिवसाचं मूल गार्ड: हातात हिरवा आणि लाल झेंडा, गळ्याऐवजी मनगटाला शिट्टी. शिट्टी घरात एकच असू द्या. बारा शिट्ट्या दिल्या तर खालच्या मजल्यावरचे पाच मिनिटांत वर येतात. गार्डला आदल्या दिवशी सांगून ठेवा की तो गाडी सोडणार आहे, प्रत्येक खेळ जिंकणार नाही. हे आधी ऐकलेलं असलं की भोकाड निम्म्यावर येतं.

खेळ

बाद होण्याचे खेळ टाळा. संगीतखुर्चीत तीन मिनिटांत निम्मी मुलं बाहेर बसतात, आणि बाहेर बसलेली मुलं बसून राहत नाहीत.

सिग्नलचा खेळ: तीन कागदी प्लेटा लाल, पिवळ्या, हिरव्या रंगवून पट्ट्यांना चिकटवा. हिरवा दिसला की जागच्या जागी धाव, पिवळा आला की हळू, लाल आला की पुतळा. लालवर हललेलं मूल बाद होत नाही. ते पुढचा सिग्नल दाखवतं. मुद्दाम हलणारी मुलं निघतील, पण त्यात बिघडत काही नाही, फक्त एका मुलाला सलग दोनदा पाळी देऊ नका. सहा-सात वर्षांच्यांसाठी दोन पिवळे घाला. खऱ्या रुळांवरही दोन पिवळे असतात: पुढचा सिग्नल पिवळा असेल, वेग आवरायला लागा.

बोगद्यात एकाच दिशेने जायचं. आत जाणारं आणि बाहेर येणारं तोंड वेगळं ठरवलं नाही तर मध्ये डोक्यावर डोकं आपटतं. तोंडाशी एक मोठं माणूस, बाहेर एक. आधीचं मूल बाहेर आल्याची शिट्टी झाली की पुढचं आत. वाट बघणाऱ्या मुलांनी इंजिनाचा आवाज काढायचा. त्यांना काम दिलं नाही तर ती खुर्च्या हलवतात.

मालगाडी सगळ्यांत रंगते, तिला वेळ हात राखून देऊ नका. मुलांचे तीन गट करा आणि नावं द्या साहिब, सिंध, सुलतान. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली १४ डब्यांची पहिली प्रवासी गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांची ही नावं. चार-चार मुलांच्या प्रत्येक गटाला एक टब, त्याला दीड मीटर दोरी. पहिलं मूल टब ओढत ‘खाणी’पाशी जातं, तीन वस्तू भरतं, परत येऊन रिकाम्या करतं आणि दोरी पुढच्याला देतं. माल हलका आणि न लागणारा: रिकाम्या काडेपेट्या, भांडी घासायचे नवे स्पंज, कापडी चेंडू. गटागणिक १२ वस्तू, एकूण ३६. टब तिन्ही एकाच मापाचे हवेत. एक मोठा, एक छोटा असला की पहिली तक्रार तीच. हॉल अरुंद असेल तर तीन टब एका वेळी सोडू नका, टकरा होतात. मग घड्याळ लावून एकेका गटाची वेळ मोजायची.

मुलं बारापेक्षा कमी-जास्त झाली तर कमी पडलेल्या गटातलं एक मूल दोनदा जाईल, हे खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगा.

हरवलेली तिकिटं: साहिबची लाल, सिंधची निळी, सुलतानची हिरवी, प्रत्येक मुलामागे दोन. उशांखाली, पाट्यांमागे, बुटांच्या रॅकजवळ लपवा, मुलांच्या खांद्याच्या उंचीपर्यंतच. स्वतःच्या रंगाची दोन मिळाली की टीसीकडे यायचं. हा दोनचा नियम नसेल तर एक चपळ मूल आठ गोळा करतं आणि गटातली बाकीची तीन मुलं रिकामी उभी राहतात. तिकिटं कुठे लपवली ते कागदावर लिहून ठेवा.

केक

दुकानातून इंजिनाच्या आकाराचा केक मागवायचा तर पाच दिवस आधी सांगा आणि फ्रिजचा खण मोजून जा. दीड किलोच्या उंच केकचा खोका बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये बसत नाही, आणि क्रीमचा केक मे महिन्यात बाहेर अर्ध्या तासात ढासळायला लागतो. नाव मराठीत हवं असेल तर कागदावर लिहून द्या. फोनवरून सांगितलेल्या नावात एखादी वेलांटी चुकते.

घरी जुळवलेला डब्यांचा केक मात्र या थीमला जास्त शोभतो, आणि त्यात कापाकापी नसते. ९ इंची चौकोनी साधा स्पंज घ्या, घरी भाजा किंवा बेकरीतून क्रीमविना आणा. दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवल्यावरच कापा, ताजा कापला तर चुरा होतो. एका बाजूने तीन आणि दुसऱ्या बाजूने चार भाग केले की साडेसात बाय साडेपाच सेंटीमीटरचे १२ डबे होतात. इंजिन म्हणजे एक तयार स्विस रोल आडवा. भाऊबहिणी जादा आल्या तर त्याच रोलचे काप कामी येतात.

वरून लावायला २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून १०० मिलिलिटर गरम फ्रेश क्रीममध्ये विरघळवा. क्रीमला उकळी आणू नका, कडेला बुडबुडे आले की बस. हे मिश्रण कोमट असताना फक्त वरच्या बाजूला पसरा. बारा डब्यांना पुरतं आणि उन्हाळ्यातही टिकतं. चाकांना गोल क्रीमची बिस्किटं, डब्याला चार, म्हणजे ४८ आणि इंजिनाला सहा. ती तासभर आधीच चिकटवा, त्याहून आधी लावली तर मऊ पडून गळतात. डब्यांत माल भरा: रंगीत गोळ्या, चुरमुरे, किसलेलं चॉकलेट. लांब पाटावर किंवा फळीवर फॉइल लावून सगळे डबे वाकड्या ओळीत मांडले की गाडी वळण घेतेय असं दिसतं. प्रत्येक मुलाला आपापला डबा. मोठ्यांसाठी निराळा अर्धा किलोचा केक आणा, किंवा घरचं श्रीखंड ठेवा.

मेणबत्त्या इंजिनावर. पेटवायच्या आधी पंखा बंद आणि टोप्या काढून ठेवायच्या, कागदी टोपी आणि ज्योत यांत वीतभरच अंतर असतं. फेसाचा किंवा बर्फाचा स्प्रे घरात नको. त्यातला वायू ज्वलनशील असतो आणि मेणबत्तीवरून फवारा गेला की पेट घेतो. काही घरांत वाढदिवसाला ज्योत विझवणं पसंत नसतं, तिथे मुलाने गार्डची शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी “गाडी सुटली!” ओरडायचं.

पँट्री

मुलांसाठी बुफे मांडू नका. सतरंज्या समोरासमोर दोन ओळींत घालून पंगत बसवा, डब्यातल्या बाकांसारखी, आणि प्रत्येकाला आसन क्रमांक लिहिलेला कागदी डबा द्या. त्यात दोन छोटे बटाटेवडे, सँडविचचे दोन त्रिकोण, थोडे वेफर्स, एक राजगिऱ्याची वडी. लोणावळ्याची म्हणून शेंगदाण्याची चिक्की घालायचा मोह होतो. पण ॲलर्जी विचारलेली नसेल तर ती नको, आणि चार वर्षांखालच्या भावंडांना तर नकोच. त्यांना पॉपकॉर्नही देऊ नका.

वडे मुलांचे २४ आणि मोठ्यांचे ३०. दोन किलो बटाट्यांत लहान लाडवाएवढे पन्नास-पंचावन्न होतात, आवरणाला ६०० ते ७०० ग्रॅम बेसन. मुलांच्या सारणात हिरवी मिरची घालू नका, आलं-लसूणही बेताचं. तळल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मुलांचे चपटे आणि मोठ्यांचे गोल वळा. बटाटा न खाणाऱ्यांसाठी ढोकळा किंवा छोट्या इडल्या. मुलं घरात असताना कढई चढवू नका. साडेचारपर्यंत तळून घ्या आणि वाढायच्या आधी ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाच-सहा मिनिटं गरम करा.

सँडविचला ४०० ग्रॅमचा एक ब्रेड पुरतो: सहा सँडविच, प्रत्येकी चार त्रिकोण. लोणी दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत लावा, मग चटणी. नुसती चटणी लावली तर तासाभरात ब्रेड ओला होतो. ओलसर कापडाखाली झाकून ठेवा. सरबत मुलामागे दोन छोटे ग्लास, एकूण साडेतीन लिटर. कोकमाचं शोभून दिसतं पण सोफ्यावर सांडलं तर डाग जात नाही, लिंबाचं करा. ग्लास अर्धेच भरा.

तीन-चार वर्षांची किंवा आठ-नऊची मुलं असतील तर

लहानांना दीड तास, बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा, हरवलेली तिकिटं बाद, सिग्नलचा खेळ दोनदा. प्रत्येकाबरोबर एक पालक थांबलेला बरा. आठ-नऊच्या मुलांना दोरीची गाडी बालिश वाटते. ती फक्त सुरुवातीला ठेवा आणि तिच्याजागी वेळापत्रकाचं कोडं द्या. तीन गाड्या, पाच स्टेशनं, एकच रूळ: कोणती गाडी कुठे थांबवली म्हणजे टक्कर होणार नाही? पुठ्ठ्याच्या गाड्या करून जमिनीवरच्या टेपच्या रुळांवर हलवायला द्या, अर्धा तास गुंतून राहतात. माथेरानच्या दोन फुटी रुळांच्या गाडीचा १९०७ पासूनचा नागमोडी रस्ता टेपने काढून त्यावरून डोळे बांधून जोडीदाराच्या सूचनांवर चालणं हाही खेळ या वयाला जमतो.

उतरताना

भेटवस्तू पाहुण्यांसमोर उघडू नका. दोन मुलांनी तेच आणलेलं असतं. पाकिटावर किंवा वेष्टनावर देणाऱ्याचं नाव लगेच पेन्सिलीने लिहा, रात्री आठवत नाही. परतभेट साठ-सत्तर रुपयांत होते: लहान वही, रंगीत खडू, आणि स्वतः केलेली टोपी. शिट्टी द्यायचीच असेल तर पिशवीला गाठ मारून, घरी उघडायची म्हणून. पिशव्या दारात, चपला घालून झाल्यावरच द्यायच्या.

टेप त्याच रात्री काढा, जमिनीशी अगदी कमी कोनात, हळू. दोन-तीन दिवस राहिला तर मास्किंग टेपही डिंक सोडतो. राहिलाच तर खोबरेल तेलाचा बोळा दहा मिनिटं ठेवून पुसा. पाट्या आणि दोरी गुंडाळून ठेवा, कोणीतरी महिन्याभरात मागायला येतं. खोक्याचं इंजिन मात्र सकाळी टाकून द्यायला निघालात तर मूल देणार नाही, तेव्हा ते ठेवायची जागा आधीच बघून ठेवा.